दोन कोळी

शाळेत मुलांना चिकाटीचा धडा द्यायचा म्हटला, की आम्हां शिक्षकांच्या मदतीला पहिल्यांदा धावून येतो तो कोळी. भिंतीवर चढणारा, पडणारा आणि पुन्हा चढणारा. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस १३०६ साली गादीवर आला आणि त्याच वर्षी लढाई हरून रानोमाळ हिंडू लागला. सर वॉल्टर स्कॉटने आपल्या नातवासाठी स्कॉटलंडचा इतिहास गोष्टीरूपाने लिहिला, त्यात ह्या राजाची हकीकत मोठ्या गोडीने सांगितली आहे. हताश होऊन पडलेल्या राजाला छताशी लोंबणारा कोळी दिसतो. सहा वेळा त्याचा नेम चुकतो, सातव्या खेपेला तो धागा पोहोचवतो. राजा उठतो, आणि पुढे १३१४ साली बॅनॉकबर्नच्या मैदानावर इंग्रजांचा पराभव करतो. गोष्ट खरी की दंतकथा, ह्याच्याशी शाळेला फारसे कर्तव्य नसते. तात्पर्य पक्के असले म्हणजे झाले. आपल्याकडेही तो कोळी कवितेच्या रूपाने क्रमिक पुस्तकात आला, आणि कित्येकांच्या आजीआजोबांना ती कविता अजून तोंडपाठ असते.

मीही गेली कित्येक वर्षे हा कोळी वर्गात चढवीत आले आहे. कुणी नापास झाले, कुणाचे गणित चुकले, कुणी खेळात हरले, की कोळी तयार. दोन वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात अशीच ती गोष्ट सांगून मी तात्पर्य विचारले. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नसे, तो उभा राहिला. म्हणाला, "बाई, माझ्या बापानं चार वर्षं कांदा केला. दोनदा पाण्यानं गेला, दोनदा भावानं गेला. मग आता पाचव्यांदा करायचा का?"

वर्ग हसला. मी हसले नाही, पण मला उत्तरही देता आले नाही. तास संपल्याची घंटा झाली, तिचे मी मनातल्या मनात आभार मानले. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न काही केल्या जाईना. सातव्या खेपेला यश मिळणारच, हे त्या कोळ्याला कुणी लिहून दिले होते? आणि ज्याला सातव्या खेपेलाही मिळाले नाही, त्याने काय समजायचे? आपण कमी पडलो, असेच ना? म्हणजे धीर देण्यासाठी सांगितलेली गोष्ट शेवटी त्याच्याच माथ्यावर दोष ठेवून मोकळी होते. ह्या गोष्टीतली ही निष्ठुरता इतकी वर्षे माझ्या ध्यानात आली नव्हती, ह्याची मला लाज वाटली.

अशा वेळी आठवण झाली ती दुसऱ्या कोळ्याची.

अर्नेस्ट हेमिंग्वेची 'द ओल्ड मॅन अँड द सी' ही लहानशी कादंबरी १९५२ साली प्रसिद्ध झाली. पु. ल. देशपांडे ह्यांनी तिचा मराठी अनुवाद केला, तो १९६५ साली आला. अनुवादाला त्यांनी नाव दिले 'एका कोळियाने'. नावातला श्लेष मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. जाळे विणणारा कोळी आणि जाळे टाकणारा कोळी, ह्या दोघांना आपल्या भाषेने एकच नाव देऊन ठेवले आहे, आणि हे नाव वाचताच शाळेतली ती जुनी कविता कानांत वाजू लागते. नाव मोठे गोड आहे. परंतु मला असे वाटते, की ह्या नावाने आपल्यापैकी पुष्कळांना चकवा दिला. आपण हे पुस्तक पहिल्या कोळ्याच्या तात्पर्याने वाचले. म्हातारा लढला, हरला नाही. आपणही लढावे, हरू नये. बक्षीस-समारंभातल्या भाषणांतून हेच ऐकू येते. माझे म्हणणे असे, की पहिला कोळी आणि दुसरा कोळी ह्यांचे नाते एवढ्या नावापुरतेच आहे. एरवी दुसरा कोळी पहिल्याला खोडून काढतो.

कथा बहुतेकांना ठाऊक असेल, तरी थोडक्यात सांगते. क्यूबाच्या किनाऱ्यावर सांतियागो नावाचा एक म्हातारा मच्छीमार आहे. सतत ८४ दिवस त्याला एकही मासा मिळालेला नाही. पहिले ४० दिवस मनोलिन नावाचा मुलगा त्याच्या होडीवर होता. पण ह्या म्हाताऱ्याचे नशीब फुटले आहे, असे म्हणून आईबापांनी मुलाला दुसऱ्या होडीवर घातले. ८५ व्या दिवशी म्हातारा एकटाच, नेहमीपेक्षा फार दूर जातो. दुपारी एक प्रचंड मार्लिन मासा गळाला लागतो आणि होडीसकट त्याला ओढीत नेतो. दोन रात्री म्हातारा दोर पाठीवर घेऊन बसतो. तिसऱ्या दिवशी मासा मारला जातो. तो होडीपेक्षा लांब असतो, म्हणून त्याला कडेने बांधून म्हातारा घराकडे वळतो. मग रक्ताच्या वासाने शार्क येतात. भाला जातो, सुरी मोडते, सोटा जातो, सुकाणूचा दांडा तुटतो. किनाऱ्याला लागतो तो फक्त सांगाडा, नाकापासून शेपटीपर्यंत १८ फूट.

आता पाहा. भिंतीवरचा कोळी सातव्या वेळी पोहोचला. समुद्रावरचा कोळी ८५ व्या दिवशी जिंकला आणि जिंकलेले सगळे घरी येईपर्यंत गमावून बसला. बाजारात त्या सांगाड्याचा एक पैसा येणार नव्हता. चिकाटीचे फळ मिळते, हे जर सिद्ध करायचे असेल, तर हे पुस्तक मुलांच्या हाती चुकूनही देऊ नये.

कुणी म्हणेल, फळ न मिळो. मनाने तर तो हरला नाही ना? आणि मग हार व नाश ह्यांतला भेद सांगणाऱ्या त्या सुप्रसिद्ध वाक्याचा दाखला दिला जाईल. ते वाक्य भिंतीवर टांगलेल्या तसबिरींतून, खेळाडूंच्या मुलाखतींतून पुष्कळ फिरले आहे. परंतु ते पुस्तकात कुठे येते, हे फारसे कुणी पाहात नाही. पहिला शार्क येऊन गेल्यानंतर म्हातारा ते स्वतःशी बोलतो. भाला नुकताच गेला आहे, आणखी शार्क येणार हे त्याला पक्के कळले आहे, आणि तो आपल्या मनाला धीर देतो आहे. अंधारात चालताना माणूस मोठ्याने स्तोत्र म्हणतो, तसेच ते. ते लेखकाने काढलेले तात्पर्य नव्हे. पुढे, सगळे संपल्यावर, झोपडीत मनोलिन त्याच्या उशाशी बसतो, तेव्हा म्हातारा सरळ सांगतो की आपण हरलो, खरोखरच हरलो. त्या माशाने तुम्हांला हरवले नाही, असे मुलगा म्हणतो, तेव्हा म्हातारा ते कबूल करतो. हार झाली ती नंतर, एवढेच म्हणतो. ह्या कबुलीत कुठे आक्रोश नाही, कुठे अभिमान नाही. कामगाराने दिवसअखेर हिशेब द्यावा तसा तो देतो. पुस्तकातले हे वाक्य मात्र कुणी तसबिरीत लावलेले मी पाहिले नाही.

मग हे पुस्तक आपल्याला धीर देते कशाने? कारण धीर देते, ह्याबद्दल वाद नाही. 'लाइफ' साप्ताहिकाने १ सप्टेंबर १९५२ च्या अंकात ही संपूर्ण कादंबरी छापली, तेव्हा दोन दिवसांत अंकाच्या ५० लाखांवर प्रती खपल्या. एवढ्या लोकांनी सांगाड्याची गोष्ट उगाच वाचली नाही.

ह्या प्रश्नाचे उत्तर मला एका जुन्या टिपणात सापडले. ह्या कादंबरीच्या १६ वर्षे आधी, १९३६ साली, हेमिंग्वेने 'एस्क्वायर' मासिकात समुद्रावरच्या मासेमारीविषयी एक लेख लिहिला होता. त्यात अवघ्या एका परिच्छेदात ही हकीकत येते. एक म्हातारा कोळी एकटाच मार्लिनच्या मागे लागला, माशाने त्याला दूर ओढून नेले, शार्कांनी मासा खाल्ला. इतर कोळ्यांना तो सापडला तेव्हा निम्म्याहून कमी मासा उरला होता, आणि म्हातारा होडीत बसून रडत होता, नुकसानीने वेडापिसा झाला होता. शार्क तेव्हाही भोवती फिरतच होते.

हा परिच्छेद आणि १९५२ ची कादंबरी शेजारी ठेवून वाचावी. मासा तोच, शार्क तेच, नुकसान तेच. उलट कादंबरीत नुकसान अधिकच झाले आहे. बदलले काय? दोन गोष्टी. एक, म्हातारा आता रडत नाही. आणि दुसरी, लेखकाने एक मुलगा आणला. १९३६ च्या हकीकतीत मुलगा नाही. आणि गंमत अशी, की म्हाताऱ्याच्या डोळ्यांतले पाणी नाहीसे झालेले नाही. ते मनोलिनच्या डोळ्यांत गेले आहे. सकाळी झोपडीत येऊन तो झोपलेल्या म्हाताऱ्याचे सोलवटलेले हात पाहतो आणि रडू लागतो. त्याच्यासाठी कॉफी आणायला निघतो, तो रस्ताभर रडत जातो.

माझ्या मते पुस्तकाची किल्ली इथे आहे. दुःख तेवढेच राहिले, पण त्याला वाटेकरी मिळाला. ज्याच्यासाठी कुणी रडणारे आहे, त्याला स्वतःला वेडेपिसे होऊन रडावे लागत नाही. हेमिंग्वेला ही गोष्ट समजायला १६ वर्षे लागली, असे म्हणायला हरकत नाही.

ह्या दृष्टीने पुस्तक पुन्हा वाचले, की ज्या जागा आपण घाईने ओलांडल्या होत्या त्याच जागा उजळू लागतात. संध्याकाळी मनोलिन झोपडीत येतो आणि जेवायला काय आहे म्हणून विचारतो. म्हातारा म्हणतो, मासे घातलेला पिवळा भात आहे. भात नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे. मुलगा जाळे मागतो. जाळे केव्हाच विकलेले आहे, आणि हेही दोघांना ठाऊक आहे. रोज हे नाटक होते. दारिद्र्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे नाटक परके वाटणार नाही. पाहुण्यासमोर "आताच जेवले हो" म्हणणारी आई आपण सर्वांनीच पाहिली आहे. मग मुलगा खाणावळीतून काळे घेवडे, भात, तळलेली केळी आणि रस्सा घेऊन येतो, आणि म्हाताऱ्याचा मान राखून त्याला जेवू घालतो. जेवताना दोघे बेसबॉलच्या गप्पा मारतात. डिमॅजिओ ह्या खेळाडूचा बाप कोळी होता, ह्याचे म्हाताऱ्याला केवढे अप्रूप! ८४ दिवसांच्या उपासमारीत ह्या माणसाच्या आयुष्यात सुख नव्हते, असे कोण म्हणेल?

दुसरे सुख त्याला त्याच्या कामाचे आहे. इतर कोळ्यांचे दोर प्रवाहाबरोबर वाहात जातात. ह्याचे दोर सरळ खाली, नेमक्या खोलीवर उभे असतात. आपले नशीब नसेल, पण आपले काम नेटके आहे, हा त्याचा हिशेब आहे. नशीब फिरलेच तर आपण तयार असलो पाहिजे, असे तो म्हणतो. नशीब फिरेलच, असे मात्र म्हणत नाही. हा फरक बारीक आहे, पण चिकाटीच्या गोष्टीत आणि ह्या गोष्टीत एवढ्या फरकानेच जमीनअस्मानाचे अंतर पडते.

तिसरे सुख भोवतालच्या सृष्टीचे. समुद्राला तो स्त्री मानतो. तरुण कोळी, ज्यांच्याजवळ मोटारबोटी आहेत, ते समुद्राला पुरुष समजतात, प्रतिस्पर्धी समजतात. म्हाताऱ्याच्या लेखी ती देणारी किंवा न देणारी बाई आहे. दोरावर येऊन बसलेल्या चिमुकल्या पाखराची तो विचारपूस करतो. ज्या माशाला मारायचे आहे त्याला भाऊ म्हणतो. आणि रात्री झोपला, की स्वप्नात त्याला वादळे दिसत नाहीत, कुस्त्या दिसत नाहीत, बायकोही दिसत नाही; लहानपणी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पाहिलेले सिंह वाळूत खेळताना दिसतात. पुस्तक संपते ते ह्याच स्वप्नावर. म्हातारा झोपलेला, मुलगा उशाशी बसलेला.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावरच्या हॉटेलात काही प्रवासी आलेले असतात. पाण्यावर हेलकावणारा तो सांगाडा पाहून एक बाई वेटरला विचारते, हे काय? वेटर शार्कनी काय केले ते मोडक्यातोडक्या भाषेत सांगू पाहतो. बाईला वाटते, हा शार्कचाच सांगाडा! किती सुरेख शेपटी असते नाही, असे काहीसे बोलून ती मोकळी होते. पहिल्यांदा वाचताना मला तिचा राग आला होता. आता वाटते, चिकाटीचे तात्पर्य काढून पुस्तक मिटणारे आपण वाचक म्हणजे तीच बाई. खाल्ला गेला कोण आणि खाणारा कोण, एवढेही न विचारता आपण शेपटीचे कौतुक केले.

आता ह्या पुस्तकाच्या उण्या बाजूंकडे वळते. म्हाताऱ्याचे जखमी तळहात, खांद्यावर डोलकाठी घेऊन टेकडी चढताना वाटेत पाच वेळा बसणे, हात पसरून पालथे झोपणे, ह्या सगळ्यांत ख्रिस्ताच्या क्रूसाची सूचना जरा अधिकच ठळक झाली आहे. साध्या माणसाला देवाच्या शेजारी बसवण्याची इथे गरज नव्हती. समुद्रावरची काही स्वगतेही सुभाषितांकडे झुकतात, आणि तसबिरींना वाक्ये पुरवण्याचा दोष थोडासा लेखकाकडेही जातो.

परंतु मला अधिक खटकते ते दुसरेच. ह्या पुस्तकात बाई नाही. म्हाताऱ्याच्या बायकोचे चित्र एकेकाळी भिंतीवर होते. ते पाहून फार एकटे वाटते म्हणून त्याने काढले आणि फळीवर धुतलेल्या सदऱ्याखाली ठेवून दिले. एक ती, आणि एक ती प्रवासी बाई. त्यामुळे इथली झुंज मोठी देखणी झाली आहे. मोकळा समुद्र, एक माणूस, एक मासा. दूर जायचे की नाही, हे ठरवायला तो मुखत्यार आहे. घरात चार तोंडे असलेल्या माणसाची झुंज अशी देखणी नसते. त्याला दूर जाता येत नाही. आणि गेलाच तर मागे उरलेल्यांची झुंज कुणी लिहीत नाही.

आपल्याकडे ती एका बाईने लिहून ठेवली आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ ह्या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा. माहेरी वडिलांचे सोवळे असे, की बाहेरून आलेला जिन्नस धुतल्याखेरीज घरात यायचा नाही. अकराव्या वर्षी लग्न, सासरे कठोर. नवरा रेव्हरंड टिळक, मोठा कवी, मनाचा राजा, पण केव्हा न सांगता घर सोडून निघून जाईल ह्याचा नेम नाही. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा लक्ष्मीबाईंच्या पायांखालची जमीनच सरकली. काही वर्षे त्या दूर राहिल्या. नंतर सोवळेओवळे सांभाळीतच नवऱ्याकडे गेल्या, आणि पुढे हळूहळू, स्वतःच्या बुद्धीने विचार करून, स्वतःही त्या वाटेने गेल्या. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. अक्षरे गिरवली ती लग्नानंतर, नवऱ्याच्या हाताखाली.

ह्यांतला एकेक प्रसंग एकेका कादंबरीला पुरेल इतका दुःखाचा आहे. आणि पुस्तक वाचताना आपण पानोपानी हसतो! लक्ष्मीबाई नवऱ्याला देव करीत नाहीत आणि दैत्यही करीत नाहीत. त्यांची फजिती त्या सांगतात आणि लगेच आपलीही सांगतात. सांतियागोला धीर आला तो मनोलिनमुळे. लक्ष्मीबाईंना तो विनोदबुद्धीने दिला. दोघांत साम्य एवढेच, की संकट संपल्यावर सुख सुरू होईल, ह्या आशेवर दोघांपैकी कुणीही बसून राहिले नाही. सुख त्यांना मिळाले ते वाटेत, घासाघासाने. सांतियागोच्या झुंजीपेक्षा मला लक्ष्मीबाईंची झुंज अधिक अवघड वाटते. त्यांचा मासा त्यांनी गळ टाकून धरलेला नव्हता. तो त्यांच्या पदराला बांधून दिलेला होता.

शेवटी एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. तो वाचनालयात एका गृहस्थांनी माझ्यापाशी काढला होता. ते म्हणाले, "तुमच्या हेमिंग्वेने तर स्वतःच बंदुकीने जीव दिला. मग त्याच्या धीराच्या गोष्टींना काय किंमत?" गोष्ट खरी आहे. १९५३ साली पुलित्झर पारितोषिक आणि १९५४ साली नोबेल पारितोषिक मिळवलेल्या ह्या लेखकाने २ जुलै १९६१ रोजी आपले आयुष्य संपवले. परंतु त्याआधी तो शरीराने आणि मनाने फार आजारी होता. इस्पितळात विजेचे उपचार झाले होते, स्मरणशक्तीने दगा दिला होता, लिहिता येत नव्हते. ज्याच्या हातून त्याचे काम गेले, आणि मनाचा आजार ज्याला आतून पोखरीत होता, त्याला "धीर धरायला हवा होता" असे आपण दिवाळीचा फराळ खात खात म्हणणे सोपे आहे. चिकाटी हे औषध नव्हे. तापाने फणफणलेल्या मुलाला आपण कोळ्याची गोष्ट सांगत नाही, डॉक्टरकडे नेतो; मनाच्या तापालाही तोच न्याय लावावा. आणि पुस्तकाची किंमत लेखकाच्या मरणावरून करायची नसते. उलट मला वाटते, उशाशी कुणी बसलेले असावे ही गरज किती खोल असते, हे त्याला आतून ठाऊक असल्याखेरीज त्याने ते शेवटचे पान लिहिलेच नसते.

मी ते पुस्तक त्या वर्षी वर्गात वाचून दाखवले. अभ्यासक्रमात ते नव्हते. शनिवारचा शेवटचा तास त्यासाठी मोडला. मला वाटले होते, मुले शार्कच्या लढाईत रंगतील. ती रंगलीही. पण त्यांचे प्रश्न सगळे मनोलिनविषयी होते. त्याला आईबापांनी का अडवले? तो त्यांचे ऐकून दुसऱ्या होडीवर का गेला? भाताचे खोटे त्याला कळत होते, मग तो तसे बोलत का नव्हता? शेवटी तो घरच्यांना न जुमानता म्हाताऱ्याबरोबर जाईन म्हणतो, मोटारीच्या जुन्या पाट्याचा नवा भाला करू म्हणतो, तेव्हा मुलांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. मोठी माणसे हे पुस्तक म्हाताऱ्याचे म्हणून वाचतात. मुलांनी ते मनोलिनचे म्हणून ऐकले. मला वाटते, मुलांचेच बरोबर होते.

शेवटच्या बाकावरच्या त्या मुलाला मी बाजूला घेऊन सांगितले, "तू मागे विचारलं होतंस ना, त्याचं उत्तर मला येत नाही. पाचव्यांदा कांदा करायचा की नाही, हे तुझ्या वडिलांनी ठरवायचं. शेतीतलं त्यांना कळतं, मला नाही. कोळ्याची गोष्ट मी चुकीच्या जागी सांगितली." तो मान खाली घालून उभा राहिला. मग म्हणाला, "परवा रविवारी मी गेलो होतो बाई बापाबरोबर. रोप टाकायला. दोघं होतो म्हणून दुपारपर्यंत झालं."

एवढे बोलून तो पळाला. त्या वर्षी कांद्याला भाव आला की नाही, हे मी मुद्दामच सांगत नाही. सांगितले, तर वाचक पुन्हा पहिल्या कोळ्याकडे जातील.